परिचारिकेचे मुखारोग्य : रुग्णसेवेची पहिली पायरी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विश्वस्त, देणगीदार, रुग्णांचे नातेवाईक आणि परिचर्या विद्यार्थिनी यांच्यासमोर रुग्णालयाच्या मानद दंतवैद्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





वार्षिक मेळाव्याच्या व्यासपीठावरून नव्या इमारतीविषयी, नव्या यंत्रसामग्रीविषयी, वर्षभरातील शस्त्रक्रियांच्या संख्येविषयी बोलण्याची प्रथा आहे, आणि ते योग्यच आहे. दात्यांनी विश्वासाने दिलेल्या पैशाचे काय झाले हे त्यांना कळलेच पाहिजे. मला मात्र विषय निवडण्याची मोकळीक देण्यात आली, आणि मी एक अगदी लहान विषय निवडला. तो म्हणजे आपल्या परिचर्या विद्यार्थिनींची दात घासण्याची सवय. विषय ऐकून काहींना हसू आले असेल. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आज दात दिसावेत, एवढीच या दंतवैद्याची इच्छा आहे.

हा विषय मी गमतीने निवडलेला नाही. रुग्णालयात जो रुग्ण स्वतः उठून चूळ भरू शकत नाही, त्याचे तोंड कोणी स्वच्छ करायचे, या प्रश्नाचे उत्तर ‘परिचारिकेने’ असे आहे. आणि परिचारिका ते काम मनापासून करील की नाही, हे पुष्कळ अंशी ती स्वतःच्या तोंडाकडे कसे पाहते यावर अवलंबून असते. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे.

ज्ञान आणि आचरण

परिचर्येच्या अभ्यासक्रमात मुखस्वच्छता हा विषय पहिल्याच वर्षी येतो. ट्रे कसा मांडावा, किडनी ट्रे कुठे ठेवावा, चिमट्यात गॉज कसा धरावा, हे विद्यार्थिनी पाठ करतात आणि परीक्षेत व्यवस्थित लिहितात. त्या लिहितात ते बरोबरही असते. पण परीक्षेत दहापैकी आठ गुण मिळवणारी मुलगी रात्री दात घासून झोपते का, हे कोणी विचारत नाही.

जपानमधील हिरोशिमा विद्यापीठातील कावामुरा नावाच्या संशोधकांनी १९८८ साली वीस प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली. दात घासताना हिरड्यांतून रक्त येते का, दुखू लागल्याशिवाय दंतवैद्याकडे जाता का, अशा धर्तीचे हे प्रश्न असून त्यांची उत्तरे फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात. पुढे ही प्रश्नावली अनेक देशांत दंतवैद्यक, वैद्यक आणि परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वापरली गेली. आपल्या देशातही परिचर्या विद्यार्थ्यांच्या अशा पाहण्या झाल्या आहेत आणि त्यांत पुन्हा पुन्हा एकच सूर ऐकू येतो. माहिती बऱ्यापैकी असते, आचरण तिच्या मागे राहते, आणि दंतवैद्याची आठवण दाढ ठणकू लागल्यावरच होते.

यात विद्यार्थिनींना दोष देण्यासारखे काही नाही. त्या ज्या समाजातून येतात त्याचेच हे चित्र आहे. भारतीय दंतपरिषदेने २००२-०३ साली केलेल्या राष्ट्रीय मुखारोग्य पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींपैकी ६३.१ टक्क्यांच्या दातांना कीड आढळली, तर ६७.७ टक्क्यांना हिरड्यांचा विकार होता. पंधराव्या वर्षी हे चित्र असेल, तर दोन-तीन वर्षांनी हीच मुले परिचर्या विद्यालयात प्रवेश घेतात तेव्हा ती निरोगी तोंड घेऊन येतील, अशी अपेक्षा कशी करावी?

येथे मला एका जुन्या प्रयोगाची आठवण करून द्यावीशी वाटते, कारण तो विद्यार्थ्यांच्याच तोंडावर झाला. १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो या दंतशास्त्रज्ञाने निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. त्यांत बहुसंख्य दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हिरड्यांचा दाह हा उष्णतेने, नशिबाने किंवा वयाने होत नसून दातांवर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराने होतो, हे त्या प्रयोगाने जगाला पटवून दिले. आपल्यासाठी त्यातील आशेची गोष्ट अशी, की बिघाड व्हायला जसे थोडे दिवस पुरतात तसेच सुधारणेलाही थोडेच दिवस पुरतात. दात घासताना रक्त येते म्हणून ब्रश बाजूला ठेवणाऱ्या प्रत्येक मुलीला मी हेच सांगतो, की रक्त येते म्हणून घासणे थांबवू नकोस. मऊ ब्रशने नीट घास, आठवड्याभरात फरक दिसू लागेल. तरीही रक्त थांबले नाही तर तपासायला ये.

वसतिगृहातील दिवस

आपल्या भागातील परिचर्या विद्यार्थिनी दारव्ह्याच्या आसपासच्या खेड्यांतून, तसेच दिग्रस, नेर, आर्णी, मानोरा या परिसरातून येतात. पुष्कळ जणींच्या घरची शेती कोरडवाहू, कापूस-सोयाबीनची. अशा घरांत सकाळी दात घासले जातात, पण रात्री दात घासण्याची पद्धत सहसा नसते. कुणाकडे बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण, कुणाकडे मीठ, कुणाकडे राखुंडी, तर कुणाकडे सर्वांत मिळून एक ट्यूब. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. उलट एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. दिवसातून दोनदा दात स्वच्छ करावेत हा उपदेश परदेशातून आलेला आहे असा समज आहे, तो खरा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दातवण दोन वेळा करावे, असे स्पष्ट सांगितलेले आहे. दुसरी वेळ कालांतराने आपल्या घरांतून निघून गेली, एवढेच. ती परत आणायची आहे.

वसतिगृहात आल्यावर मात्र सकाळची वेळही संकटात सापडते. सातच्या ड्यूटीसाठी गणवेश चढवायचा, केस बांधायचे, आणि मोजक्या बेसिनांपुढे रांग लागलेली. त्या रांगेत मागून हाका येत असताना कुणी दोन मिनिटे दात घासू शकत नाही. ब्रश तोंडात फिरवला न फिरवला, चूळ भरली आणि पळाली, असे होते. रात्रपाळीचे तर विचारूच नका. रात्रपाळीत जागे राहण्यासाठी दोन-तीन वेळा साखरेचा चहा होतो, त्याबरोबर बिस्कीट होते, आणि सकाळी खोलीवर येऊन मुलगी जी अंथरुणावर पडते ती दुपारीच उठते. झोपेत लाळ कमी सुटते. लाळ ही तोंडाची नैसर्गिक राखणदार आहे. ती कमी झाली की साखरेवर जगणाऱ्या जंतूंना रान मोकळे मिळते. म्हणून ‘रात्री झोपताना दात घासा’ हे वाक्य परिचारिकेसाठी थोडे बदलून ‘झोपण्यापूर्वी दात घासा, मग ती झोप रात्रीची असो वा दिवसाची’ असे शिकवले पाहिजे.

आणखी एक लहानशी गोष्ट. वसतिगृहाच्या खोलीत खिडकीवर एक मग असतो आणि त्यात चार मुलींचे चार ब्रश, डोक्याला डोके लावून उभे असतात. वॉर्डात निर्जंतुक चिमटा कशाला लागू द्यायचा नाही हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांच्याच खोलीत हे दिसते. ब्रश वेगवेगळे, उभे आणि उघड्यावर वाळतील असे ठेवावेत. ओला ब्रश बंद डबीत दडपून ठेवू नये. त्याचे केस वाकडे झाले की, अन्यथा साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा.

डाग आणि घाण यांतील फरक

आपल्या यवतमाळ जिल्ह्याचा एक प्रश्न येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. केळापूर, झरी जामणी यांसारख्या तालुक्यांतील अनेक गावांच्या विहिरी आणि बोअरच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. लहानपणी, दात हाडात घडत असताना, असे पाणी पोटात गेले तर पुढे दातांवर पांढुरके पट्टे, पिवळे-तपकिरी डाग पडतात. ते डाग दातांच्या घडणीतच असतात. कितीही घासले तरी ते जात नाहीत.

त्या भागातून आलेली मुलगी बोलताना तोंडावर ओढणी धरते, हसताना हात आडवा घेते. आपल्या दातांना लोक ‘घाण’ म्हणतील, या भीतीने ती विटेची पूड, राख, कोळसा, मीठ, जे मिळेल त्याने दात खरवडते. डाग राहतात आणि दातांचे कवच मात्र झिजते. मग गार पाणी लागले तरी कळ येते. अशा मुलींना मला सांगायचे आहे, की तुमच्या दातांवरील डाग म्हणजे तुमची अस्वच्छता नव्हे. तो तुमच्या गावच्या पाण्याचा परिणाम आहे. तुमच्या वर्गातील पांढऱ्या शुभ्र दातांच्या मुलीपेक्षा तुमच्या हिरड्या अधिक निरोगी असू शकतात. डाग सौम्य करण्याचे उपचार दंतवैद्याकडे आहेत, त्यासाठी दगड-विटांची गरज नाही. पाठ्यनिर्देशिकांनाही विनंती आहे, की गणवेश तपासणीच्या वेळी अशा मुलीला चारचौघांत ‘दात घासून ये’ असे म्हणू नये.

मग फ्लोराईड असलेली पेस्ट वापरावी की नाही, असा प्रश्न पालक विचारतात. तो रास्त आहे. डाग पडतात ते दात घडण्याच्या वयात पोटात गेलेल्या फ्लोराईडमुळे. मोठ्या माणसाने पेस्टने दात घासून ती थुंकून टाकली, तर डाग पडत नाहीत, उलट कीड रोखली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराईडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला आहे. मात्र अशा गावांतील लहान मुलांना पेस्ट अगदी थोडी, तांदळाच्या दाण्याएवढी द्यावी, ती गिळू देऊ नये, आणि पिण्याचे पाणी तपासून घ्यावे.

तोंडातून फुफ्फुसात

आता वॉर्डात येऊ. अर्धांगवायूचा झटका आलेला, बेशुद्ध किंवा अतिवृद्ध रुग्ण अंथरुणावर असतो. त्याचे तोंड कोरडे पडते, जिभेवर जाड थर चढतो, दातांवर चिकट साय जमते. गिळण्याची क्रिया मंदावलेली असते. अशा वेळी तोंडातील लाळ जंतूंसह थोडी थोडी श्वासनलिकेत उतरते आणि फुफ्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया होतो. ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला तो बरा होत असताना हा दुसरा आजार त्याला घेऊन जातो. नातेवाइकांना वाटते, ‘छातीत कफ झाला.’ तो कफ पुष्कळदा तोंडातून खाली उतरलेला असतो.

जपानमध्ये योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा वृद्धनिवासांत दोन वर्षे एक अभ्यास केला. तो १९९९ आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. एका गटातील वृद्धांचे दात परिचारिका आणि सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर ब्रशने स्वच्छ केले, दुसऱ्या गटाची नेहमीची व्यवस्था चालू ठेवली. दुसऱ्या गटात १९ टक्के जणांना न्यूमोनिया झाला, तर दात घासलेल्या गटात ११ टक्क्यांना. यासाठी कोणतेही महागडे औषध वापरलेले नव्हते. अलीकडे, २०२३ च्या अखेरीस, पंधरा चाचण्यांचा एकत्रित आढावा अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रुग्णालयात दाखल असलेल्यांचे दात रोज ब्रशने घासल्यास तेथे होणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, आणि हा लाभ विशेषतः श्वासयंत्रावर ठेवलेल्या रुग्णांत दिसतो, असे त्यातून पुढे आले.

या संशोधनामुळे परिचर्येच्या जुन्या पाठातील काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या विद्यार्थिनींनी लक्षात घ्याव्यात. पूर्वी बोटाला किंवा चिमट्याला गॉज गुंडाळून तोंड पुसणे पुरेसे मानत. पुसल्याने दातांवरचा चिकट थर निघत नाही. तो मऊ ब्रशनेच निघतो. पूर्वी लिंबू-ग्लिसरीनचा बोळा फिरवत. त्याने तोंड ताजेतवाने वाटते, पण पुढे ते अधिक कोरडे होते. श्वासयंत्रावरील प्रत्येक रुग्णाला क्लोरहेक्सिडीनचे औषधी पाणी लावण्याचा प्रघातही आता मागे पडत आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ब्रशने दात घासण्याची शिफारस आहे, क्लोरहेक्सिडीनची नाही.

काम करताना रुग्णाचे डोके उंच किंवा मान एका कुशीवर असावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये, ब्रश ओलसर करून निथळून घ्यावा आणि शोषणयंत्र हाताशी ठेवावे. स्वतःची बोटे त्याच्या दातांच्या मध्ये कधीही घालू नयेत. कवळी असल्यास रात्री काढून, खाली पाण्याने भरलेले भांडे किंवा टॉवेल ठेवून धुवावी, म्हणजे हातून निसटली तरी फुटत नाही. कवळी गरम पाण्यात घालू नये. शेवटी ओठांना व्हॅसलीन लावावे. या सर्वाला पाच मिनिटे लागतात.

ही पाच मिनिटे कोण देते? माझा अनुभव असा आहे, की जिला स्वतःच्या तोंडात सकाळी उठल्यावर आलेला चिकटपणा सहन होत नाही, तिला रुग्णाच्या तोंडातील चिकटपणाही दिसतो. जिला त्याची सवय झालेली आहे तिला तो दिसत नाही, आणि नोंदवहीत ‘मुखस्वच्छता केली’ असे लिहून ती पुढच्या खाटेकडे जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या परिचर्येवरील प्रसिद्ध पुस्तकात वैयक्तिक स्वच्छतेचे एक प्रकरण आहे. त्यात रुग्णाच्या अंगाच्या स्वच्छतेबरोबरच परिचारिकेने स्वतःचे हात दिवसातून वारंवार धुवावेत, हेही सांगितलेले आहे. रुग्णाची स्वच्छता आणि परिचारिकेची स्वच्छता त्यांनी एकाच प्रकरणात ठेवली, यात मोठा अर्थ आहे.

खर्रा, नस आणि तीन बोटांची परीक्षा

आता थोडे कडू बोलणार आहे. आपल्या विदर्भात खर्रा हा पाहुणचाराचा भाग होऊन बसला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ती पुडी लग्नघरात, बसस्टँडवर, शेताच्या बांधावर आणि खेदाने सांगावे लागते की रुग्णालयाच्या ओट्यावरही उघडली जाते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तोंडातील तंबाखू थांबलेली नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी २४.४ टक्के, म्हणजे जवळजवळ चारांत एक जण, धूरविरहित तंबाखू वापरत होता. खर्ऱ्यातील नुसती सुपारीदेखील निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

हा केवळ पुरुषांचा प्रश्न आहे असे समजू नये. घरातील आई, आजी, काकू नस किंवा मशेरी दातांना लावतात, गुडाखू घासतात. त्यांना ते व्यसन वाटत नाही, मंजनच वाटते. तंबाखू मिसळलेल्या दंतमंजनांवर आणि टूथपेस्टवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली, पण घराच्या कोनाड्यातील डबी तशीच राहिली. एखादी विद्यार्थिनीही लहानपणापासून पाहिलेली ही सवय वसतिगृहात घेऊन येते आणि लपवते. तिला रागावून, घरी कळवण्याची धमकी देऊन ती सवय सुटत नाही, फक्त अधिक खोल लपते. अशा मुलीशी एकांतात, मायेने बोलावे. सकाळी डोके जड होते, चुकल्यासारखे वाटते, म्हणून ती डबी उघडते. हा निकोटिनचा परिणाम आहे, तिच्या स्वभावाचा दोष नाही, हे तिला समजावून सांगावे आणि सोडण्यासाठी मदत करावी.

विद्यार्थिनींच्या बाबतीत हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का? कारण २०१६ साली केंद्र सरकारने असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीचा जो आराखडा केला, त्यात तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचे तोंड तपासण्याचे काम गावपातळीवरील परिचारिकेकडे, म्हणजे एएनएमकडे दिलेले आहे. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळ जणी उद्या उपकेंद्रावर टॉर्च घेऊन गावकऱ्यांच्या तोंडात पाहणार आहेत. या कामाचे मोल काय, ते केरळमधील तिरुवनंतपुरम येथील अभ्यासाने २००५ साली दाखवून दिले. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या तोंडाच्या तपासणीमुळे तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. या कार्यकर्त्यांजवळ टॉर्च, शिकवलेली नजर आणि चिकाटी यांशिवाय फारसे काही नव्हते.

ही नजर स्वतःच्या तोंडावर शिकावी. महिन्यातून एकदा आरशासमोर उभे राहून गालांची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा, टाळू आणि हिरड्या पाहाव्यात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, गाठ, तिखट लागताच होणारी आग, यांतले काही आढळल्यास दाखवावे. तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, तेही पाहावे. खर्रा खाणाऱ्याच्या गालांची आतली कातडी ताठ होत जाते आणि तीन बोटांची जागा दोन, मग एक बोट घेते. ज्याला भाकरीचा घास घेता येत नाही अशा तरुणाला नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहून देताना कोणत्याही वैद्याचा हात जड होतो. ती चिठ्ठी लिहिण्याची वेळ येण्याआधी, तीन बोटांची अडीच झाली तेव्हाच, कुणीतरी त्याला थांबवायला हवे होते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तुम्ही.

आणि ज्या परिचारिकेच्या स्वतःच्या पदरात नसेची डबी आहे, ती गावकऱ्याला काय सांगणार? आपल्या वऱ्हाडातच संत गाडगेबाबा होऊन गेले. ते गावात आले की आधी हातातल्या खराट्याने गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनात स्वच्छता सांगत. लोकांनी त्यांचे ऐकले ते सकाळचा खराटा पाहिला होता म्हणून.

विद्यार्थिनींसाठी थोडक्यात

पद्धत साधी आहे. मऊ केसांचा, लहान डोक्याचा ब्रश घ्यावा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर नको. ब्रश हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरपा टेकवून हलक्या हाताने लहान लहान हेलकावे द्यावेत, आडवे खसाखसा घासू नये. आतल्या बाजू, चावण्याच्या बाजू आणि शेवटच्या दाढेमागची जागा विसरू नये. जीभ हळुवार साफ करावी. यास दोन मिनिटे लागतात. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण पाण्याने भरपूर चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराईडचा अंश दातांवर राहतो. दातांच्या फटींत ब्रश पोचत नाही, तेथे दोरा वापरावा. सुई, पिन, काडेपेटीची काडी मुळीच नको. झोपण्यापूर्वीच्या घासण्यानंतर पाण्याखेरीज काही घेऊ नये. रात्रपाळीतला चहा सुटत नसेल तर त्यातली साखर कमी करावी आणि नंतर चूळ भरावी. दाढ दुखण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

दात्यांना आणि नातेवाइकांना विनंती

देणगीदार मंडळींना वाटेल, की या सर्वांत आमचा संबंध कुठे आला? तो सरळ आहे. सवय ही उपदेशाने लागत नाही, तिला जागा आणि वेळ लागतो. वसतिगृहात आणखी चार बेसिने आणि त्यांवर आरसे बसवणे, वॉर्डातील प्रत्येक खाटेशेजारी ब्रश आणि पेला ठेवण्यापुरती जागा करणे, दाखल होणाऱ्या गरीब रुग्णाला एक मऊ ब्रश आणि लहान पेस्ट देणे, प्रवेशाच्या वेळी प्रत्येक विद्यार्थिनीच्या दातांची तपासणी करून उपचार पूर्ण करणे, या गोष्टींवर मोठा खर्च होत नाही. त्यांची संगमरवरी पाटी लावता येणार नाही, हे खरे. पण अशा दानाने एखाद्या घरातील वृद्ध आई न्यूमोनियातून वाचू शकेल, आणि ती कोणाच्या दानामुळे वाचली हे तिला कधीच कळणार नाही. गुप्तदानाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे.

विश्वस्त मंडळाला आणखी एक विनंती अशी, की ड्यूटीच्या वेळापत्रकात मुखस्वच्छतेची पाच मिनिटे प्रत्येक परावलंबी रुग्णासाठी सकाळ-संध्याकाळ वेगळी धरावीत. जे काम वेळापत्रकात नसते, ते थकलेल्या हातांकडून प्रथम गळते.

नातेवाइकांनो, रुग्णाला भेटायला येताना आपण शहाळे आणता, मोसंबी आणता, बिस्किटांचे पुडे आणता. त्या पिशवीत ब्रश क्वचितच असतो. शहाळे जरूर आणा, पण पहिल्या दिवशी रुग्णाचा ब्रशही आणा. परिचारिका दात घासू लागली तर ‘एवढ्या आजारपणात दात कशाला’ असे म्हणून तिला अडवू नका. उलट ती कसे करते ते पाहून घ्या, कारण घरी गेल्यावर ते काम तुम्हालाच करायचे आहे. आणि खिशात खर्ऱ्याची पुडी असेल तर निदान या आवारात ती उघडू नका. आत खाटेवर कदाचित त्याच पुडीने आजारी पडलेला कुणी झोपलेला असेल.

विद्यार्थिनींनो, तीन-चार वर्षांनी तुम्ही येथून बाहेर पडाल. कुणी यवतमाळला, कुणी नागपूर-पुण्याला, कुणी एखाद्या आडगावच्या उपकेंद्रावर जाल. तेथे यंत्रे असतील वा नसतील, औषधांचा साठा असेल वा नसेल. ब्रश, पेलाभर पाणी आणि तुमचे दोन हात मात्र सर्वत्र असतील. बोलू न शकणाऱ्या माणसाचे तोंड स्वच्छ केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते या व्यवसायातील फार मोठे बक्षीस आहे. ते तुम्हांला वारंवार लाभो, आणि त्याची तयारी आज रात्री, झोपण्यापूर्वीच्या दोन मिनिटांपासून सुरू होवो, एवढी सदिच्छा व्यक्त करतो.